चार खड्ड्यांचा श्रावण

धानाचे रोवणे संपत आले, बांध्यांमधलं गढूळ पाणी हिरव्याखाली दिसेनासं झालं आणि बाजारात बैलांच्या झुली टांगलेल्या दिसू लागल्या, की मला हुशार माणसांचा तिटकारा येऊ लागतो. तसा तो वर्षभर असतोच. पण श्रावणात तो घामोळ्यासारखा अंगावर उठतो. यंदाही उठला. आमच्या चंद्रपूरच्या घरासमोर एक वायरमन अर्थिंगसाठी खड्डा खणत होता. एका खड्ड्याने समाधान झालं नाही म्हणून त्याने दुसरा खणायला घेतला, आणि घरमालक लुंगीवर उभा राहून "मारून टाक अजून एक, हरकत काय?" असं म्हणत होता. मी खिडकी लावून घेतली. हरकत काय ते मला चांगलं माहीत आहे. ते शिकायला मला एक अख्खा श्रावण लागला होता, आणि त्या शिकवणीची फी मी भरली नव्हती, दुसऱ्याच एका माणसाने भरली होती.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी एका तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे फळ्यावर आकृत्या काढून पुसत होतो. पस्तिशीचं वय, खिशाला दोन पेनं, आणि या जिल्ह्यात आपल्याइतकं कोणाला कळत नाही अशी पक्की खात्री. ही खात्री त्या काळी फार स्वस्तात मिळे, कारण अख्ख्या जिल्ह्यात कॉम्प्युटर असे होते किती? आमच्या शाळेत एक होता. टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा, शाळकरी पाटीएवढा. तो मी कपाटात कुलूप लावून ठेवत असे आणि मुलांना महिन्यातून एकदा दाखवत असे. हात लावू देत नसे. मुलं लांबून बघायची आणि मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचो. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडात एक ठेवून द्यावीशी वाटते.

सिंदेवाहीला रामटेके राहत. तारखात्यातून निवृत्त झालेले. धम्मदीक्षेच्या आधीच शिकून नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीतले. त्यांच्या वस्तीतली पहिली सरकारी नोकरी त्यांचीच, म्हणून लहानथोर सगळे त्यांना तारबाबू म्हणत. तीस वर्षं कट्ट-कडकट्ट करून त्यांनी लोकांची मरणं, बाळंतपणं, बदल्या आणि लग्नाचे होकार इकडचे तिकडे पोचवले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं. बिस्किटाच्या डब्यात स्वतः जोडलेला सेट, ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालणारा. कडुनिंबापासून चिंचेपर्यंत ताणलेली एक तार. विहिरीजवळ जमिनीत ठोकलेली एक सळई. एवढ्यावर त्यांचं आकाश चाले. रोज सकाळी साडेसहाला ते सिरोंच्याच्या करीमभाईंशी मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या भाषेत, बोलत.

करीमभाई त्यांच्याच बरोबरचे. बल्लारपूरला दोघे तरुणपणी एकाच टेबलावर समोरासमोर बसलेले. पुढे बदल्यांनी दोघांना वेगळं केलं आणि निवृत्तीनंतर करीमभाई सासुरवाडीला, पार सिरोंच्याला जाऊन राहिले. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद, टपाल पंधरा-पंधरा दिवस अडकून पडलेलं. तरी यांचं रोज सकाळी चालू. काय बोलायचे? पाऊस किती झाला, गुडघा कसा आहे, कोण वारलं. तारेच्या माणसाचा आवाज नसतो, हात असतो. करीमभाईंचा हात कसा आहे असं मी पहिल्या भेटीत लिहून विचारलं होतं, तेव्हा रामटेके म्हणाले होते, "लंगडते जरासा. रेघ लांबवते. पन हजारात वळखू येते."

त्या वर्षीच्या होळीपर्यंत हा हात त्यांना ओळखू येत होता. मग ऐकूच येईना. थंडीपासून कान मंद होत चालले होते, उन्हाळ्यात दार बंद झालं. कानाच्या डॉक्टरांनी नस सुकली म्हणून सांगितलं. रामटेके रोज सकाळी ठरल्या वेळी पाठवत राहिले, पण तिकडून काय येतं ते त्यांना कळेना. आषाढात, रस्ते बंद व्हायच्या आधी, करीमभाईंचं पोस्टकार्ड आलं. मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन जाणार होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं, तिथं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, तार बांधायला जागा नाही, तेव्हा रेडिओ सिरोंच्यातच कोणाला तरी देऊन टाकणार. पोळ्यापर्यंत मात्र रोज सकाळी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

हे कार्ड वाचून रामटेक्यांनी आमच्या तंत्रशाळेला एक कार्ड टाकलं. याहून मोठ्या आवाजाचा हेडफोन कुठे मिळतो का, एवढीच विचारणा. हे कार्ड सरकत सरकत माझ्या टेबलावर आलं आणि तिथून पुढचा सगळा अनर्थ सुरू झाला.

मी अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने सिंदेवाहीला गेलो. त्यांच्या समोर बसलो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. बहिऱ्या माणसाशी बोलायच्या दोनच रीती आपल्याला माहीत असतात. एक, ओरडणं, आणि ओरडून भागलं नाही की दुसरी, तो खोलीत नाहीच असं समजून त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणं. मी पहिल्या रीतीने सुरुवात केली आणि दुसरीवर लवकर आलो. त्यांच्या पत्नीने, सुमनबाईंनी, स्वयंपाकघरातून एक पाटी आणून माझ्यासमोर ठेवली. "लिवून दाखवा जी, वाचते ते," असं म्हणाल्या. मी पाटीवर एक ओळ लिहिली आणि मग कंटाळा केला. मला पाटीवर लिहिण्यापेक्षा मोठं काम सुचलं होतं.

माझ्या डोक्यात कॉम्प्युटर आला होता. एका मासिकात कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम छापलेला होता: रेडिओतून येणारा मोर्स कॉम्प्युटरच्या टेपच्या भोकात सोडायचा, तो टिंबं-रेघा मोजतो आणि टीव्हीवर अक्षरं उमटवतो. कान नको, काही नको. ऐकू येत नाही ना? वाचा! मी इतका खूश झालो की हेडफोनचं नावसुद्धा विसरलो. नागपंचमीनंतरच्या रविवारी सकाळी साडेसहाच्या आत कॉम्प्युटर, एक छोटा काळा-पांढरा टीव्ही आणि मी स्वतः लोखंडी डब्यात बांधलेला पॉवर सप्लाय घेऊन हजर झालो. घरच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये तो डबा खोचला. रेडिओच्या स्पीकरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर जोडली. रामटेके खुर्चीवर ताठ बसले होते. सुमनबाई पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या.

वायर जोडल्याबरोबर स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज निघाला. गिरणी दूर कुठंतरी चालू असावी तसा, पण खोलीतच. आणि पडद्यावर काय? ई ई ई टी ई ई टी टी ई. ई म्हणजे एक टिंब, टी म्हणजे एक रेघ. गिरणीची घरघर त्या मूर्ख डब्याला टिंब-रेघांसारखी वाटत होती आणि तो इमानेइतबारे ती छापत होता. त्या चिखलात मधूनच करीमभाईंचं एखादं खरं अक्षर वर यायचं आणि लगेच बुडायचं. रामटेके पडद्यावर डोळे लावून बसले होते. अर्ध्या तासाने ते एवढंच म्हणाले, "करीम आहे. पन धुक्यात आहे."

आणि मग त्यांनी आणखी एक वाक्य म्हटलं. ते मी ऐकलं, पाटीवर उत्तर लिहायचं सोडून मान डोलावली, आणि विसरून गेलो. ते म्हणाले, "सायेब, सेटची जमीन विहिरीपाशी आहे अन तुमच्या डब्याची जमीन मीटरपाशी. दोन जमिनी एक नसते जी."

मला एवढंच ऐकू आलं की अर्थिंगमध्ये काहीतरी भानगड आहे. मग अर्थिंग सुधारायचं, म्हणजे वाढवायचं! मी गावातल्या बोरकर कंत्राटदाराला बोलावलं. हा माणूस लायनीचे खांब उभे करण्याची कंत्राटं घ्यायचा आणि जगातल्या प्रत्येक विद्युत-रोगावर त्याच्याकडे एकच औषध होतं: मीठ आणि कोळसा. कंबरभर खड्डा खणायचा, मधे पाइप ठोकायचा, भोवती मीठ-कोळशाचे थर द्यायचे आणि वरून पाणी. "एकदा का जमीन थंडी केली साहेब, का करंट गुमान बसते," असं म्हणून त्याने सुमनबाईंच्या वांग्याच्या वाफ्यात पहिला खड्डा खणला. "बाई, मीठ आना जरा जास्तीचं." सुमनबाईंनी मीठ आणलं आणि वांग्याच्या उपटलेल्या रोपांकडे पाहत उभ्या राहिल्या. खड्ड्यातून वायर आणून कॉम्प्युटरच्या डब्याला जोडली. घरघर वाढली. बोरकर म्हणाला, "खोली कमी पडली असन." आणि दुसरा खड्डा खणला, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

तिसरा खड्डा डॉक्टरांचा. हे चंद्रपूरचे एक दवाखानेवाले हौशी रेडिओवाले गृहस्थ, त्यांनाही मीच बोलावलं. त्यांच्याकडे परदेशी सेट होता, परदेशी मासिकं येत आणि बोलताना ते छताकडे बघत. मोर्स ते परीक्षेपुरता शिकले होते आणि परीक्षा झाल्याबरोबर विसरले होते, हे ते कोणी विचारल्याशिवायही सांगत. "मोर्स संपला आता. आता आवाजाचं युग आहे." मीसुद्धा त्यांच्यासमोर हसून म्हणायचो की मला मोर्सचं एक अक्षर येत नाही. येत नाही याचा तोरा होता मला! आकृती समजणाऱ्या माणसाने कट्ट-कट्ट शिकायचं म्हणजे मोटार चालवणाऱ्याने बैलाची शेपटी पिरगाळायची, असं काहीसं मी म्हटल्याचं आठवतं. उंटावरचा शहाणा एकटा असला तर गाव वाचतं. आम्ही तिघं होतो.

डॉक्टरांनी वायरींवर चढवायच्या काळ्या, जड कड्या आणल्या होत्या. त्यांनी घरघर जाते असं त्यांच्या मासिकात होतं. त्या कड्या त्यांनी एकेका वायरीवर चढवल्या. दारातून सुमनबाई म्हणाल्या, "तारेले बांगड्या भरल्या का जी? ओटीबी भरू का मंग?" डॉक्टरांना हे लागलं. म्हणून त्यांनी रेडिओसाठी वेगळा, खास खड्डा हवा असं ठरवलं. तिसरा. चौथा खड्डा माझा. कारण त्या दोघांचे तीन आणि माझा एकही नाही, तर माझी काय शोभा राहिली असती?

शास्त्राचं म्हणाल तर सगळं सरळ होतं, आणि मी ते मुलांना फळ्यावर शिकवत होतो. जमीन म्हणजे काही एकसारखं थंड पात्र नव्हे. दोन ठिकाणी तिच्यात हात घातला की त्या दोन हातांच्या मधे थोडा का होईना विजेचा दाब असतो, आणि त्यांच्यामध्ये तार जोडली की त्या तारेतून तो वाहतो. आमची स्पीकरची वायर नेमकी तीच तार झाली होती. जितके खड्डे, तितके रस्ते. आणि पाऊस! श्रावणाची झड लागली की जमीन भिजून अधिक उघडी होई आणि घरघर आणखी वाढे. उन्हाळ्यात हेच केलं असतं तर कदाचित निभावून गेलं असतं. पण ते भर पावसाचे दिवस होते. चारी खड्ड्यांत पाणी साचायचं, त्यांवर बोरकरने झाकायला टाकलेल्या फळ्या तरंगायच्या, आणि घरात घूंऽऽ.

आज विचार करतो तेव्हा त्या रविवारांचंच दृश्य डोळ्यांसमोर येतं. डॉक्टर, बोरकर आणि मी, तिघे रामटेक्यांच्या टेबलाभोवती उभे. रामटेके मधे बसलेले. आम्ही त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतो आहोत. "यांचं वय झालं हो, यांना यातलं काय समजणार," डॉक्टर म्हणतात. बोरकर म्हणतो, "बुढा मान हलवते, आयकते बिचारा." मी पोह्यांच्या बशीतली मिरची बाजूला काढतो आहे. सुमनबाई चौथ्यांदा चहा घेऊन येतात, कारण आम्ही त्यांना दर वेळी तेवढ्याचसाठी हाक मारतो. आणि रामटेके? ते आम्हा तिघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघतात. मी त्या वेळी समजत होतो की ते भारावून गेले आहेत.

रोज सकाळी साडेसहाला मात्र ते बसत. हे मला सुमनबाईंनी नंतर सांगितलं. पडद्यावर चिखल असे, पण ते आपली मोर्सची किल्ली वाजवत. करीमला सगळं कळवत: घरघर आहे, वाचता येत नाही, खड्डे खणून राहिले आहेत, आज दुसरा झाला, आज तिसरा. मग हात मांडीवर ठेवून, साडेसातपर्यंत, त्या ई-ई-टीकडे बघत राहत. "काई तरी अक्षर येतेच मधातून," असं सुमनबाईंना म्हणायचे. काय येतं, तर एखादा क. एखादा र. सुमनबाई मला म्हणाल्या, "नऊ अक्षरं झाली म्हने त्यायच्याजवळ. अठरा दिवसात नऊ." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

आता माझ्या घरी माझा जावई येतो. तो टीव्ही जोडतो, इंटरनेट जोडतो, आणि मी काही म्हटलं की "बाबा, तुम्ही बसा" म्हणतो. मी बसतो. मला ऐकू येतं, डोळे बरे आहेत, हात थरथरत नाही. तरी तो माझ्या मुलीशी माझ्या डोक्यावरून बोलतो. मला त्याचा राग येत नाही, त्याची घृणा येते, आणि घृणा येते ती त्याच्यात मी दिसतो म्हणून.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच सिंदेवाहीला उतरलो. बोरकर आपल्या बैलांच्या शिंगांना रंग देण्यात गुंतला होता, डॉक्टर नागपूरला गेले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. माझ्याकडे बैलही नव्हता. खरं सांगायचं तर मी कॉम्प्युटर परत न्यायला आलो होतो. सोमवारी शाळेत तपासणी होती आणि कपाट रिकामं दिसणं बरं नव्हतं. जमलं नाही, तुमचं नशीब, असं काहीतरी पाटीवर लिहायचं मी गाडीत मनाशी ठरवलेलं होतं.

सुमनबाई विहारातून येत होत्या. वर्षावासाचं वाचन संपवून, पांढऱ्या लुगड्यात, हातात छत्री. फाटकाशी त्यांनी मला गाठलं. "चाल्ले का घेऊन?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "सायेब, राग मानू नका जी. तुमी तिघं इथी येता, खड्डे मारता, चा पिता. पन त्यायले एकदा तरी इचारलं का? तीस वरस तारेत गेले त्यायचे."

विचारलं नव्हतं. मी घरात गेलो, पाटी घेतली आणि पहिल्यांदा लिहिलं: तुम्हाला काय वाटतं?

रामटेक्यांनी पाटी वाचली. मग पेन्सिल घेऊन त्याच पाटीवर त्यांनी दोन खांब काढले, त्यांच्यामध्ये एक तार, आणि खांबांच्या बुडाशी जमिनीत खाली जाणाऱ्या दोन रेघा. "आमच्या जमान्यात एकच तार राहे," ते म्हणाले. "जायाले तार, अन परतीले जमीन. पैसे वाचे सरकारचे. तवा इथची जमीन तिथच्या जमिनीशी भांडे, अन पाऊस आला का जास्त भांडे. रोजचं काम होतं आमचं. मी पैल्याच दिवशी सांगितलं तुमाले." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

मग त्यांनी काम सांगितलं आणि मी केलं. चारही खड्ड्यांच्या वायरी तोडल्या. विहिरीजवळची जुनी सळई एकटी ठेवली, रेडिओ आणि माझा लोखंडी डबा दोन्ही तिलाच बांधले. मग त्यांनी ट्रंकेतून एक मोडका खिशातला ट्रान्झिस्टर काढला, त्यातली बोराएवढी दोन गुंडाळ्यांची ट्रान्सफॉर्मर कॉइल स्वतः उखडली आणि स्पीकरच्या वायरीत मधे बसवली. त्यातून आवाज पलीकडे जातो, पण धातूला धातू लागत नाही. जणू दोन्ही घरांची माणसं कुंपणावरून बोलली, आत गेली नाहीत. त्यांचा कथलाचा डाग देणारा हात एकदाही हलला नाही. सगळ्याला मिळून तासही लागला नाही. त्यातला अर्धा वेळ माझ्या गाठी सोडण्यात गेला. मग प्लग लावला आणि घरघर नव्हती. पडदा कोरा. मी शाळा, कपाट, तपासणी सगळं विसरलो आणि त्या कोऱ्या पडद्याकडे बघत ओसरीवरच मुक्काम केला.

पोळ्याची सकाळ. झड थांबली होती. रस्त्यावरून बैलांना धुवायला नेत होते, घुंगरं वाजत होती. सव्वासहालाच रामटेके स्वच्छ सदरा घालून बसले. सुमनबाईही आज आत येऊन त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. चहा मागायला कोणी नव्हतं. साडेसहाला स्पीकर टिकटिकला, आणि पडद्यावर, स्वच्छ, एकापाठी एक अक्षरं उमटू लागली. इंग्रजी अक्षरांत, तारेच्या तुटक भाषेत, जमिनीला 'अर्थ' म्हणत. मी मोठ्याने वाचत गेलो, सुमनबाईंसाठी: रामटेके. अर्थ एकच ठेव. बाकीचे काढ. रोज हेच सांगतो. अर्थ एकच ठेव.

रामटेके आधी थक्क झाले, मग हसायला लागले. खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अठरा दिवस तो माणूस तिकडून एकच वाक्य पाठवत होता, आणि आम्ही इकडे त्याच्यावर मीठ आणि कोळसा टाकत होतो. रामटेक्यांनी डोळे पुसले आणि किल्लीवर हात ठेवला. "काढले म्हनून सांगतो," असं म्हणत त्यांनी वाजवलं. पडद्यावर लगेच उत्तर आलं: शाब्बास. आता ऐक. उद्या निघतो. जायच्या आधी तुला एक

आणि लाइन गेली.

पडदा मिटला. टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरला आणि तोही विझला. रेडिओ मात्र बॅटरीवर होता. स्पीकरमधून करीमभाई चालूच होते, टिट् टिट् डाऽ टिट्, खणखणीत, रेघ लांबवत. खोलीत तिघे होतो. दोघांना ऐकू येत होतं आणि त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ज्याला प्रत्येक अक्षर कळलं असतं तो काळ्या काचेकडे बघत बसला होता. त्यांना तर हेही माहीत नव्हतं की करीम अजून बोलतो आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: हो, चालू आहे. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. मी धावत मीटरपाशी गेलो, फ्यूज उघडला, लावला, परत आलो. फ्यूजचा काय दोष? सगळ्या गावाची लाइन गेली होती.

सुमनबाई माझ्या अंगावर ओरडल्या. "तुमाले आयकू येते ना? मंग उभे काऊन राह्यले? हात धरा त्यायचा, अन वाजवा हातावर!"

मी रामटेक्यांचा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि बोटाने, जसं ऐकू येत होतं तसं, ठोकू लागलो. छोटं, छोटं, लांब, छोटं. लांबाला बोट दाबून धरायचं. पहिल्या क्षणी त्यांनी हात आक्रसला, मग सैल सोडला, मग त्यांची नजर माझ्या बोटावरून उठून भिंतीकडे गेली आणि तिथं स्थिर झाली. त्यांचे ओठ हलू लागले. एकदा माझं चुकलं तर त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट दाबून मला थांबवलं, आणि मग पुढे चल अशी खूण केली. करीमभाई सरासरा पाठवत होते आणि मी वाजवत होतो. बोट दुखायला लागलं. आणि त्या दुखण्यातच मला कळलं की घरघर असती तरीही मला हे ऐकू आलं असतं. घरघर जाड असते, मोर्स बारीक असतो. दोन्ही वेगळे ऐकायला कोणालाही येतात. गोंधळ त्या रबरी बटणांच्या डब्याचा होत होता. माणसाचा होत नव्हता. नागपंचमीनंतरच्या त्या पहिल्याच रविवारी, एकही खड्डा न खणता, मी खुर्ची ओढून या माणसाचा हात हातात घेतला असता तर अठरा सकाळी होत्या. मी नसतो तर सुमनबाई होत्या. शेजारची कुठलीही बाई, कुठलाही माणूस चालला असता. मोर्स यायची गरज नव्हती, शिक्षणाचीही नव्हती. आणि मी तिथं कॉम्प्युटर घेऊन गेलो होतो.

पाऊण तास ते चाललं. मधे मधे रामटेके उजवा हात सोडवून किल्ली वाजवत आणि पुन्हा तळवा माझ्यापुढे करत. दोनदा ते हसले. एकदा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत, तरी मी वाजवत राहिलो, कारण स्पीकर थांबला नव्हता. शेवटी करीमभाईंनी एकच खूण तीनदा पाठवली. मी ती तीनदा ठोकली. मग स्पीकरमधून फक्त श्वास सोडल्यासारखी खरखर आली. रामटेक्यांनी हात मिटून छातीशी नेला.

सुमनबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मला मात्र राहवलं नाही. मी पाटी ओढली आणि लिहिलं: जायच्या आधी काय सांगायचं होतं करीमभाईंना?

रामटेक्यांनी पाटी वाचली. सदऱ्याच्या बाहीने ती नीट, कोपऱ्यापर्यंत पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

"सारं तुमच्याच बोटातून आलं ना जी, सायेब," ते म्हणाले. "मले काऊन इचारता?"